काठावरच्या प्रमिलाताई

मी पोहायला शिकले ते चाळिशी ओलांडल्यावर, अमरावतीत. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलं होतं. विमा कंपनीतली माझी नोकरी बसून करायची, तरी गुडघे मात्र हमालासारखे झिजलेले. तरणतलावावर सकाळी बायकांची वेगळी बॅच असायची. पहिल्या दिवशी मी उथळ बाजूच्या पायरीवर दांडा घट्ट धरून उभी होते. तेवढ्यात समोर काठावर दोन सावळी, रुंद, अनवाणी पावलं येऊन थांबली. वर पाहिलं तर लांब बांबू घेतलेली पन्नाशीची एक बाई.

"दांडा सोड," ती म्हणाली.

"बुडेन ना मी."

"कमरेइतक्या पान्यात? बुडून दाखोव बरं."

या प्रमिला खंडारे. तलावावर सगळे त्यांना खंडारे मॅडम म्हणायचे. पुढे ओळख वाढली तशी मी प्रमिलाताई म्हणू लागले.

शिकवताना त्या हात लावत नसत. "हात देल्ला का मानूस हाताले शिकते, पान्याले शिकत नाई," असं त्यांचं म्हणणं. बांबूचं टोक त्या नाकापासून वीतभर लांब धरायच्या. आपण जीव काढून तिथवर पोचावं, की बांबू आणखी वीतभर मागे. अशी फसवत फसवत त्यांनी मला तलावाची पहिली रुंदी पार करायला लावली. पलीकडचा काठ हाताला लागला तेव्हा मी त्यांच्यावर इतकी चिडले होते की आनंद व्हायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

त्यांचा आणखी एक नेम होता. पाण्यात असलेल्या प्रत्येक बाईला त्या 'तू' म्हणत. कॉलेजातली पोरगी असो की एखाद्या मोठ्या साहेबाची बायको. "पाय मार वं, झोपून काहून राहिली? पानी काई तुही सासू नाई त्याले भ्याले!" असं सगळ्यांसमोर ओरडत. तीच बाई अंग पुसून, साडी नेसून बाहेर आली की लगेच, "वहिनी, उद्या येतानी टोपी आना बरं का." कोणीतरी एकदा याचं कारण विचारलं. तर म्हणाल्या, "पान्यात गेल्यावर कोनाच्या अंगावर काय असते? तिथं अहोजाहो कशाचं करता?"

गळ्यात शिटी असायची, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. टाळी वाजवत. ती टाळी तलावाच्या छपराच्या पत्र्यावर आपटून परत यायची. सकाळी आल्या की आधी ओंजळभर पाणी घेऊन जिभेला लावायच्या, थुंकायच्या, आणि रखवालदाराला ओरडून सांगायच्या, "आज औषध जास्त झालं रे." बॅच सुटली की काठावर बसून, पाय पाण्यात सोडून, शेंगदाणे आणि गुळाचा खडा खायच्या. पुढच्या बॅचची मुलं येईपर्यंत त्यांचे पाय पाण्यात सावकाश हलत असत. घरी बदनेऱ्याला जायची त्यांना कधी घाई दिसली नाही. नवरा रेल्वेत होता, मुलगा पुण्याला नोकरीला गेलेला. "घरी जाऊन काय, नळाले पाहू?" म्हणायच्या.

माहेर दर्यापूरकडचं, पूर्णेच्या काठचं. तो सगळा खारपाणपट्टा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच लागायचं. वडिलांनी कमरेला दोन वाळलेले भोपळे बांधून त्यांना पूर्णेत सोडलं, तेव्हा त्या पहिलीतही नव्हत्या. गावातल्या बायका आईला म्हणाल्या होत्या, पोरीच्या जातीला हे कशाला? वडील म्हणाले, नदीला जात विचारून पोरगी पाण्यात टाकली नाही मी. हे सांगताना त्या हसायच्या. पुढे अमरावतीत खेळाच्या कॉलेजात शिकल्या, राज्य पातळीवर पोहून आल्या, आणि या तलावावर कंत्राटावर लागल्या. ते कंत्राट दर वर्षी नवं होई. तिथून त्या हलल्या नाहीत.

आमच्या बॅचमध्ये देशमुख काकू होत्या. पासष्टीच्या, गोऱ्या, गोल, मोर्शीकडच्या संत्र्यांच्या बागाईतदारांच्या घरातल्या. त्यांना पोहायचं नव्हतं. त्यांना फक्त एकदा पाण्यावर तरंगायचं होतं. "डोये मिटून, आकाशाकडं तोंड करून, बस," त्या म्हणायच्या. पण पाठ टेकवायची वेळ आली की देवाचं नाव घेत, ओरडत उभ्या राहायच्या. असं महिनाभर चाललं. एक दिवस प्रमिलाताई कपड्यांसकट पाण्यात उतरल्या. काकूंच्या मागे उभ्या राहिल्या, दोन बोटं त्यांच्या डोक्याखाली धरली. "आता कोनाचं नाव घेऊ नको. श्वास घे, छाती फुगव. मी हावो." काकूंचे पाय हळूहळू वर आले. पोट वर आलं. प्रमिलाताईंनी बोटं कधी काढून घेतली ते काकूंना कळलंच नाही. काकू तशाच बराच वेळ तरंगत राहिल्या, डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. दुसऱ्या दिवशी काकूंनी घरून पुरणपोळ्या करून आणल्या आणि प्रमिलाताईंना काठावर बसवून स्वतःच्या हाताने एक घास भरवला.

हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं त्याच काकूंपासून सुरू झालं.

प्रमिलाताईंच्या पायांची नखं खराब होती. आम्ही सगळ्यांनी ती पाहिलेली होती. सदा अनवाणी असल्यावर दिसणारच. दोन्ही अंगठ्यांची नखं जाड, पिवळी, वाळलेल्या मक्याच्या दाण्यासारखी झाली होती. कडेला भुगा पडायचा. करंगळ्यांची तर काळपट पडून वाकडी झालेली. त्या म्हणायच्या, "पान्याचा मार हाये तो. इतके वर्सं पान्यात राह्यल्यावर दगडही झिजते." एवढ्यावर ते संपायचं.

त्या हिवाळ्यात देशमुख काकांच्या पायाचं बोट कापावं लागलं. साखरेचा आजार जुना, नखाच्या कडेला जखम झाली, ती चिघळली. दवाखान्यात कोणीतरी काकूंना सांगितलं की नखाच्या बुरशीकडे दुर्लक्ष केल्यामुळे हे झालं, आणि बुरशी ओल्या फरशीवरून एकमेकांना लागते. काकू महिनाभराने बॅचला परत आल्या तेव्हा त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतंच, काठावरच्या फरशीकडे होतं. त्यांनी भांडण केलं नाही, चारचौघींत विषय काढला नाही. तलावाचे व्यवस्थापक काळेसाहेब, त्यांच्याकडे जाऊन हळूच सांगितलं. नंतर मला म्हणाल्या, "तिच्यावर राग नाई वं माहा. पन घरी एक पाय गेल्यासारखाच हाये. मी काय घेऊन जाऊ घरी?"

काळेसाहेब भला माणूस. निवृत्तीला आलेले, कोणाला दुखवायला नको अशा स्वभावाचे. बॅच सुटल्यावर प्रमिलाताई नेहमीप्रमाणे पाय पाण्यात सोडून शेंगदाणे खात होत्या. आम्ही तिघी-चौघी अजून पाण्यात होतो. काळेसाहेब आले आणि बुटांवर पाणी उडू नये म्हणून थोडे लांब उभे राहिले.

"मॅडम, जरा पायाचं दाखवून घ्या ना डॉक्टरला. नखांचं."

"काहून? काय झालं?"

"काही नाही. तोवर पाण्यात नका उतरू. आणि काठावर बूट-मोजे घालत जा. बस, एवढंच."

"कोनी म्हनलं काय?"

"कोणी म्हटलं असं नाही..." काळेसाहेबांनी वाक्य सोडून दिलं.

पाण्यात काकूंनी तोंड खोल बाजूकडे फिरवलं. प्रमिलाताईंनी ते पाहिलं. मग त्यांनी दोन्ही पाय पाण्याबाहेर काढले, मांडी घातली, आणि खांद्यावरच्या टॉवेलने पाय पुसायला लागल्या. बोटांच्या बेचक्यांतूनही टॉवेल फिरवला. त्यांना पाय पुसताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी त्या पांढरे मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून आल्या.

माझं माहेर अकोल्याचं. आई एकटी असते, म्हणून शनिवारी मी बदनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला जायची. आठवड्याभरात प्रमिलाताईंनी विचारलं, "अकोल्यात कोनी चामडीचा डॉक्टर माहीत हाये काय तुले? अमरावतीत नको. इथं सारे वयखतेत." मी आईच्या ओळखीतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. त्यानंतर दोनेक वर्षं आमच्या शनिवारच्या वाऱ्या जोडीने झाल्या.

डॉक्टरीणबाईंनी नखाखालचा भुगा खरवडून तपासायला पाठवला. बुरशीच निघाली. "खरं औषध म्हणजे पोटात घ्यायच्या गोळ्या," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला मागे मोठी कावीळ झालीये, तुमचं लिव्हर त्या गोळ्या सोसणार नाही. वरून लावायचं औषध एवढ्या जाड नखात शिरत नाही. लेझर करून पाहू शकतो. पण ताई, खात्री देत नाही मी. काहींचं नख सुधारतं, काहींचं परत होतं."

"करा," प्रमिलाताई म्हणाल्या.

"किती वर्षांपासून अनवाणी वावरता तलावावर?"

"लगन झाल्यापासून."

"मग तिथूनच लागली असणार. त्या ओल्या फरशीवरूनच."

प्रमिलाताईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. "म्हंजे पान्यानंच देल्लं मले," त्या म्हणाल्या.

पहिल्या वेळी मी आत त्यांच्याजवळ बसले होते. डॉक्टरीणबाईंनी आधी छोट्या मशीनने जाड नख घासून पातळ केलं. पांढरा भुगा उडाला तशी प्रमिलाताईंनी शरमेने मान वळवली. मग आम्हा सगळ्यांना गडद चष्मे लावायला दिले. पेनासारखं एक यंत्र नखावरून गोल गोल फिरू लागलं. दिसायला नुसता एक लाल ठिपका. तो इकडून तिकडे सरकायचा आणि टिक टिक आवाज यायचा. मधेच प्रमिलाताई पाय झटकायच्या.

"चटका बसतो का?"

"बसते. पन बसू द्या. नखाले ऊन लावून राहिल्या म्हना तुमी."

"तसंच समजा," डॉक्टरीणबाई हसल्या. "आतल्या बुरशीला उष्णता सोसत नाही."

"अकोल्याच्या उन्हात तं मानूसही वाचत नाई. बुरशी कशी वाचन?"

खोलीत जळलेल्या नखाचा बारीक वास होता. उठताना डॉक्टरीणबाईंनी पथ्यं सांगितली. जुन्या चपला-बूट टाकून द्यायचे, मोजे रोज गरम पाण्यात उकळून उन्हात वाळवायचे, पाय सदा कोरडे ठेवायचे. तलाव, नदी, ओली फरशी, सगळं बंद.

"किती दिवस?"

"दिवस नाही ताई. अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत वाढायला वर्ष, दीड वर्ष जातं. खालून चांगलं येत गेलं तर जुनं खराब पुढे ढकललं जाईल."

परतीच्या गाडीत मूर्तिजापूर मागे पडलं. प्रमिलाताई खिडकीकडे पाहतच म्हणाल्या, "माहा नवरा म्हनते, नखासाठी कोनी महिन्या-महिन्याले अकोल्याले जाते काय? मोजे घाल अन् बस."

"मग ताई, खरंच, इतकं काय आहे त्यात?"

"निलू, तुह्या पायाले बुरशी लागली असती तं ते नखच राह्यलं असतं. माह्या पायाले लागली का ते माह्या घरापोतर जाते."

मला लगेच कळलं नाही. मग त्यांनी आजीचं सांगितलं. गावात गोड पाण्याची एकच विहीर होती. त्यांच्या वस्तीतल्या बायकांनी घागरी घेऊन लांब बसून राहायचं. कोणाला दया आली तर वरून ओतायचं. आजी सकाळी जायची ती कधी दुपारी घागर भरून यायची, कधी रिकामीच. सगळं बदललं, धम्म घेतला, वडील शिकले, शिक्षक झाले, पण आजीला म्हातारपणीसुद्धा नळाखाली घागर लावताना आधी इकडेतिकडे बघायची सवय होती.

"काकूंच्या मनात तसं काही नसेल हो," मी म्हटलं. "काकांचं बोट गेलं, म्हणून घाबरल्या त्या."

"नसनच तिच्या मनात. मले माहीत नाई काय? मी तिले तरंगवलं हाये, मानसाचं मन पान्यात समजते." त्यांनी मोज्यातली बोटं हलवली. "माह्या मनात हाये ना पन. आमच्यातल्या मानसाले त्या पान्यात पाय टाकाचा असन, तं नखही साफ पाह्यजे. मंग कोनी काई म्हनू शकत नाई."

मग त्यांनी पाय कोरडे ठेवायला सुरुवात केली. एकदा मी त्यांच्या घरी गेले होते. न्हाणीघरात एक स्टूल होतं. त्या पाटावर बसून, दोन्ही पाय स्टुलावर वर ठेवून आंघोळ करायच्या, पाय शेवटी वेगळे धुऊन लगेच पुसायच्या. गच्चीवरच्या दोरीवर पांढरे मोजे ओळीने वाळत घातलेले. मे महिन्यात, बाहेर पाऊल टाकवत नाही अशा उन्हातसुद्धा, त्या मोज्यांत पावडर टाकून बूट घालायच्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि चहा आणायला आत गेला.

तलावावर त्या रोज यायच्या. बांबू होताच. पण काठाच्या अगदी कडेला येत नसत, पाणी उडेल म्हणून दोन फरश्या मागे थांबत. तिथून बांबू नीट पोचायचा नाही. ओंजळ घेऊन पाण्याची चव बघणं थांबलं. आणि हळूहळू एक गोष्ट आमच्या लक्षात आली. पाण्यातल्या बायकांना त्या आता 'अहो' म्हणत होत्या. "वहिनी, पाय जरा जोरात मारा." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पोहता पोहता थांबले. मला 'निलू, मर तिकडं' असं ऐकायची सवय होती. कोणी नवीन बाई त्यांना भीत नव्हती, आणि कोणी नवीन बाई पोहायलाही शिकत नव्हती. काकू येत असत. एकदा त्यांनी नव्या चपलांचा जोड आणून दिला, पुसायला सोप्या, रबराच्या. प्रमिलाताईंनी घेतला, "कशाले तकलीफ केली?" म्हणाल्या. घातलेला मी पाहिला नाही.

सात-आठ महिन्यांनी, परतीच्या गाडीत, बोरगावच्या आसपास, त्यांनी अचानक बूट काढला, मोजा काढला आणि पाय समोरच्या बाकावर ठेवला.

"पाह्य."

अंगठ्याच्या मुळाशी, कातडीला लागून, गुलाबी चकचकीत नखाची बारीक कोर आली होती. बाळाच्या नखासारखी. पुढचं सगळं अजून पिवळं जाडच होतं, पण ती कोर निराळीच दिसत होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

समोर गावाकडची एक म्हातारी बसली होती, मांडीवर भेंडीची टोपली. ती वाकून पाहू लागली. "काय झालं वं बाई पायाले?"

"नख खराब हाये. इलाज करून राहिली."

म्हातारीने आपली दोन्ही पावलं वर उचलून दाखवली. दहाही नखं काळी, जाड, फुटलेली. "माहे पाह्य. रोज चिखलात असते मानूस. याचा काय इलाज करतं? नखानं कोनी मेलं हाये काय आजवरी?"

प्रमिलाताई इतक्या हसल्या की डब्यातले लोक पाहायला लागले. कित्येक महिन्यांनी त्या तशा हसल्या होत्या. म्हातारीने उतरताना दोन मुठी भेंड्या त्यांच्या पिशवीत टाकल्या. बदनेऱ्याला उतरून प्लॅटफॉर्मवरून चालताना त्या म्हणाल्या, "पुढचा उनाया लागला का पान्यात. पाह्यजो तू."

पुढच्या उन्हाळ्यात तलावच बंद झाला. तळाला गळती निघाली होती, सगळं पाणी सोडून दिलं. दुरुस्ती चालली होती. प्रमिलाताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट म्हणाल्या, "बरं झालं. तवापोतर नखही पुरं होते." आणि खरंच, बाकीच्या बोटांची नखं बरीचशी सुधारली होती. उजव्या अंगठ्याची कोर अर्ध्यापर्यंत सरकली होती.

मग ती थांबली. एका शनिवारी डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. नव्या नखाच्या कडेला, आतून, पुन्हा पिवळी रेघ धरली होती. डाव्या अंगठ्याचं नख तर पलंगावरून चादर उचलावी तसं खालून सुटलं होतं.

"मी पाय ओला केला नाई," प्रमिलाताई म्हणाल्या. "देवाशप्पथ... कोनाचीही शप्पथ घेतो. एक दिवस नाई केला."

"तुमची चूक नाही ताई. मुळाशी राहून जाते ती. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं."

"आखीन लावा लेझर."

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "ऐका माझं. तुम्हाला साखर नाही, जखम नाही, दुखत नाही. हे नख असंच राहिलं तरी काही बिघडत नाही तुमचं. काठावर चपला घालत जा, नखाला औषध लावत जा आणि पोहा खुशाल. तलावावर येणाऱ्या निम्म्या बायकांच्या नेलपॉलिशखाली हेच असतं."

"त्यायचं झाकलेलं हाये," प्रमिलाताई म्हणाल्या. "माहं साऱ्यायनं पाह्यलं."

त्या दिवशीही त्यांनी लेझर करून घेतलंच.

तलाव उघडला तो नव्या व्यवस्थेखाली. बाहेरच्या एका कंपनीकडे तो चालवायला दिला होता. काळेसाहेब निवृत्त झाले होते. नवा व्यवस्थापक तरुण होता, टी-शर्टवर कंपनीचं चिन्ह, बोलायला गोड. त्याने सांगितलं की जुन्या प्रशिक्षकांनाही घेणार, फक्त सगळ्यांनी एकदा पोहून दाखवायचं. प्रमिलाताईंना ती परीक्षा म्हणजे काहीच नव्हती. आम्ही जुन्या बॅचच्या सगळ्या बायका त्या सकाळी मुद्दाम गेलो. देशमुख काकूही आल्या, काकांना घरी एकटं ठेवून.

नवं निळं पाणी. तळातल्या फरशीच्या रेघा मोजता येतील इतकं स्वच्छ. प्रमिलाताई पोहण्याचे कपडे घालून आल्या, पायात मोजे. काठावर बसून त्यांनी मोजे काढले, घडी करून बाजूला ठेवले. उडी मारायच्या चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. तो तरुण त्यांच्या पायांकडे बघतही नव्हता. हातातल्या घड्याळाकडे पाहत म्हणाला, "मॅडम, तयार झालात की सांगा."

त्या उभ्या राहिल्या. वाकल्या. परत सरळ झाल्या. खाली पायांकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

मला वाटलं, दीड-दोन वर्षांत पाणी शिवलं नाही, श्वास जमवत असतील. शेवटी मागून काकूंचाच आवाज आला, कापरा आणि मोठा: "मार उडी वं, प्रमिला! झोपून काहून राहिली? मी हावो ना!"

प्रमिलाताईंनी मान वळवून काकूंकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, आणि दुसरंही मला काही दिसलं नाही. त्या चौथऱ्यावरून मागे, कोरड्या बाजूला उतरल्या.

"साहेब, नख पुरं साफ झालं नाई अजून. झाल्यावर देईन परीक्षा."

तो गोंधळला. "नखाचं काय मॅडम, त्याचं काही नाही. तुम्ही पोहून दाखवा फक्त."

"नाई. पानी नवं हाये तुमचं."

"मग पुढच्या वेळी बघू," तो म्हणाला आणि पुढचं नाव घेतलं. पुढची वेळ आली नाही. महिन्याभरात तिथे नागपूरहून दोन मुली प्रशिक्षक म्हणून आल्या. चांगल्या आहेत. त्या शिट्या वाजवतात.

प्रमिलाताई आणखी काही महिने अकोल्याला येत राहिल्या. एके शनिवारी डॉक्टरीणबाईंनीच यंत्र सुरू करायला नकार दिला. आता लेझर करणं म्हणजे तुमची फसवणूक होईल, असं स्पष्ट सांगितलं. प्रमिलाताई शांतपणे उठल्या, नमस्कार केला. जिना उतरताना म्हणाल्या, "चांगली बाई हाये. खोटं बोलली नाई कधी."

पुढे माझी बदली अकोल्याला झाली आणि भेटी कमी झाल्या. फोनवर आवाज नेहमीसारखा असायचा. बदनेऱ्यात एका शाळेत मुलांची कवायत घेते म्हणाल्या.

मागच्या वर्षी पोळा झाल्यानंतर त्यांच्या वडिलांच्या स्मरणाचा कार्यक्रम होता, म्हणून त्यांनी मला गावी बोलावलं. वंदना झाली, जेवणं झाली. परतीची एसटी यायला वेळ होता, म्हणून आम्ही दोघी पूर्णेवर गेलो. नदी दोन्ही काठ भरून, मातकट, सावकाश वाहत होती. खाली बायका कपडे आपटत होत्या. म्हशी नाकापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. पलीकडून एक माणूस डोक्यावर कपड्यांचं बोचकं धरून, एका हाताने पोहत इकडे आला, अंग झटकलं आणि निघून गेला. प्रमिलाताई दगडावर बसल्या होत्या. साडीखाली पांढरे मोजे, बूट.

मला राहवलं नाही. "ताई, इथे कोण आहे बघायला? उतरा ना थोडं. निदान पाय तरी सोडा."

त्यांनी साडीची किनार मोज्यांवर ओढली. मग अगदी हळू, मला नाही तर स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, "खाली बाया कपडे धुऊन राहिल्या निलू. माह्या पायानं पानी खराब होईन."

मी म्हशींकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहिलं, आणि बुटाची नाडी पुन्हा घट्ट बांधली.

एसटीचा हॉर्न ऐकू आला. आम्ही उठलो. फाट्याकडे जाणाऱ्या वाटेवर आदल्या दिवशीच्या पावसाचं एक डबकं साचलं होतं, घोट्याइतकंही खोल नसेल. शाळेतून येणारी पोरं त्यातून उड्या मारत चालली होती, मीही चपला हातात घेऊन सरळ गेले. पलीकडे पोचून मागे वळून पाहिलं. प्रमिलाताईंनी साडी दोन्ही हातांनी वर धरली होती आणि त्या वाट सोडून, तुरीच्या ओळींमधून, डबक्याला लांबून वळसा घालून येत होत्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या घाई करत नव्हत्या. एकेक पाऊल कोरड्या ढेकळावर बघून बघून ठेवत होत्या.